नऊ, मग आठ

पाथर्डी फाट्याच्या आत, तिसऱ्या गल्लीत,
बंगल्याच्या गेटवर पाटी होती: इंटरनॅशनल.
आत सगळी मिळून एकशे बारा मुलं
आणि नववीत आम्ही नऊ.

वर्ग म्हणजे खैरनार मॅडमची जुनी बेडरूम.
कपाट हलवलं तिथं भिंत अजून फिकट,
खिडकीत पाण्याची टाकी, जास्वंद,
त्यापलीकडं पांडवलेणीचा डोंगर
जेवणानंतरच्या तासाला जरा निळा व्हायचा.

मागचा बाक नव्हता.
बाहेरच्यांना हे समजावता येत नाही,
मागचा बाक नसणं म्हणजे काय.
झोप यायची ती मॅडमच्या समोरच,
गृहपाठ राहिला की सगळ्या घराला कळायचं,
पोहे परतणाऱ्या सुमनमावशीलासुद्धा:
"काय रे वाघ, आज पण नाही?"
फोडणीतून आवाज.

माझा तिसरा नंबर आला होता.
आई सगळीकडं सांगायची.
किती जणांत, ते सांगायची नाही.

भूगोल शिकवायचे तेच सर व्हॅन चालवायचे.
सिग्नलला विचारायचे, काळ्या मातीचं दुसरं नाव?
उत्तर येईपर्यंत हिरवा लागला तरी हलायचे नाहीत.
मागं अंबडच्या कंपन्यांचे ट्रक हॉर्न देत राहायचे
आणि आम्ही एकदम ओरडायचो:
रेगूर, सर, रेगूर!

गॅदरिंगला मी राजाही होतो आणि झाडही.
पहिल्या प्रवेशात मेलो,
मुकुट काढून फांद्या लावल्या
आणि माझ्याच प्रेताच्या जागेवर उभा राहिलो.
ऋजुल बोरस्ते हसू आवरत नव्हती, ती प्रधान होती.

खो-खोला मैदानात नऊ लागतात.
आम्ही बरोबर नऊ.
शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर, गाजरगवत उपटून,
सातवी-आठवी एकत्र करून त्यांच्याशी खेळायचो.
कुणाला ताप आला तरी यावंच लागायचं.
तन्वीर पिंजारी कांजिण्या उठल्या असताना आला होता,
पुढच्या पंधरवड्यात शाळाच बंद.

दिवाळीनंतर अमृत भामरेची आई आली.
ऑफिस आणि वर्ग यांच्यामध्ये प्लायवूड.
मॅडम म्हणाल्या, फीचं नंतर बघू.
आई म्हणाली, नंतर म्हणजे कधी,
ते तुम्हालाही माहीत नाही, मलाही.
मग खुर्ची सरकल्याचा आवाज.
मोठ्या शाळेत हे कुणाला ऐकू आलं नसतं.
आम्ही नऊ जण वर्गसमीकरण सोडवत होतो,
अमृतचं सगळ्यात आधी सुटलं,
तरी त्यानं मान वर केली नाही.

एक तारखेला हजेरीपटाचं नवं पान.
मॅडम म्हणाल्या, आठ.
मी गप्प. नऊची वाट बघत.
पुन्हा म्हणाल्या, आठ,
आणि चष्मा काढून पुसत बसल्या.
खो-खो तिथंच संपला.
काही दिवस कॅरम खेळलो.

दहावीचं सेंटर सिडकोतल्या मोठ्या शाळेत आलं.
तीन मजले, जिन्यात हजार चपला,
माझा नंबर एक अक्षर आणि सहा आकडे,
बाकावर खडूनं लिहिलेला.
शेवटचा बाक.
इतकी वर्षं हवा होता तो.
सुपरवायझरनं सहीच्या जागेवर बोट ठेवलं,
तोंडाकडं बघितलं नाही.
तीन पेपर झाले, चार झाले,
कुणी विचारलं नाही, पोहे खाल्लेस का.

भूगोलाच्या दिवशी गेटपाशी गर्दीत
खांद्यावर कुणीतरी खो दिल्यासारखी थाप मारली.
दुसऱ्या शाळेचा गणवेश, बाही आखूड,
ओठावर मिशीची रेघ.
"रेगूर आलं होतं, बघितलंस?"
बघितलं होतं. लिहिलंही होतं.

समोर व्हॅन उभी.
सरांनी काही न बोलता मागचं दार उघडं धरलं.
अमृत म्हणाला, नको सर, सायकल आहे.
सर म्हणाले, बरं.
आणि सिग्नल नसतानाही
खूप वेळ व्हॅन काढली नाही.